माहेरच्या वडाला कुंपण

९ एप्रिल १९५८, बुध.
काल पुन्हा चुलीपुढं अंधारी आली. भात लागला, मी आडवी. शुद्धीवर आले तर सासूबाई डोक्यावर पाणी थापताहेत आणि तोंड चालूच, "सांगितलं होतं, उपाशीपोटी ताक पिऊ नको." ह्यांनी ऑफिसातून अर्धी रजा काढली. लेडी डॉक्टरनी तपासलं. रक्त कमी, छातीत धडधड, बाकी काही नाही. मग ह्यांना इंग्रजीत म्हणाल्या, हिला रोज संध्याकाळी तासभर मोकळ्या हवेत एकटं बसू द्या. काम नको, बोलणं नको. हे म्हणाले, "कुठं बसायचं?" त्या म्हणाल्या, ते मी कसं सांगणार? चिठ्ठीवर मात्र लिहून दिलं.

सा.बा. : "मोकळी हवा आमच्या वेळीही होती हो. हातात खुरपं असायचं."

१४ एप्रिल, सोम.
इथल्या लोकांचं आज नवं वर्ष. दारोदार रांगोळ्या, कडुलिंबाचा मोहोर. माझी चिठ्ठी नुसती फडताळात. बसू कुठं? गच्चीवर सगळ्या बिऱ्हाडांची वाळवणं. शेजारी लाकडाची वखार, करवत दिवेलागणीपर्यंत थांबत नाही, भुसा केसांत. काल समुद्रावर गेलो, सगळं लटांबर घेऊन. चिंगी भिजली, बाळ हरवला आणि सापडला, सा.बा.ना वाळू टोचली. येताना धडधड जास्तच. देवळात टेकावं तर बायका भोवती जमून खाणाखुणा करून विचारतात, मुलं किती.

एवढं मोठं मद्रास आणि एका बाईला पाय पसरायला जागा नाही म्हणजे कमाल आहे.

२२ एप्रिल, मंगळ.
सापडली! धोब्यांच्या दोऱ्यांपलीकडं, ताडांच्या कडेनं नदीकडं उतरलं की एक वड आहे. पाहुण्यांना दाखवायला नेतात तो अड्यारचा प्रसिद्ध वड नव्हे. हा लहान, बेवारशी, चारदोन पारंब्यांचा. खाली घडीव दगड, जुन्या घाटाचा असावा. बसायला अगदी पाटासारखा. समोर नदी पसरलेली, चिखलात बगळे, समुद्राकडून वारा. लांब एक माणूस जाळं टाकत होता, त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. आणि करवत ऐकू येत नाही!

तासभर बसले. काहीही विचार केला नाही. वाईला घाटावर पाण्यात पाय सोडून बसायची ती मीच का, असं वाटलं. खरं माहेर दोन रात्रींच्या गाडीवर. तेव्हा या वहीत आजपासून त्या वडाला माहेर म्हणणार.

३ मे, शनि.
आज माहेरी अंबुजा बरोबर होती. ही खालच्या बिऱ्हाडातली. तंजावरकडची मराठी माणसं, पिढ्यान्पिढ्या इकडचीच. तिचं "मजला", "कोठें" ऐकून सुरुवातीला मला हसू आवरेना, पोथी वाचतेय असं वाटायचं. आता सवय झाली. नवरा शाळामास्तर, मूलबाळ नाही, सासू थोरल्या बाई दारात खुर्ची टाकून बसलेल्या. कोण आलं, कोण गेलं, सगळी नोंद तिथं. मला तमिळ 'पाल', 'तण्णी', 'वेंडाम', म्हणजे दूध, पाणी, नको, यापुढं येत नाही. दूधवाली, भाजीवाली, घरमालक, सगळ्यांशी माझं भांडणसुद्धा अं. भांडते. ती नसती तर मी इथं मुकीच.

"अक्का, तुम्ही रोज कोठें जाता? मजलाही न्या की."
डॉक्टरनी एकटं म्हटलंय. पण तिला नाही म्हणवेना. थोरल्या बाईंना सांगितलं, मला चक्कर येते, सोबत हवी. लगेच हो म्हणाल्या. आजाऱ्याची सेवा, पुण्य.

अं. वडाखाली बसली आणि रडायलाच लागली. का गं? तर "सुम्मा". म्हणजे उगीच. मग दोघी गप्प. तिला गप्प बसता येतं, हे फार मोठं. उठताना वचन घेतलं, ही जागा कुणाला सांगायची नाही. माझ्या तळहातावर टाळी देऊन म्हणाली, "सत्य."

१९ मे, सोम.
डॉक्टर खूश. रक्त वाढलं, धडधड कमी. सा.बा.नी ही बातमी चारी बिऱ्हाडांत पोचवली. संध्याकाळी अं.ला हाक मारली तर थोरल्या बाई खुर्चीतून म्हणतात, "तुम्हांस बरं वाटतं म्हणे अता. मग सोबत कशास?" अं. आत तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

एकटीच गेले. खरं लिहायचं तर बरंच वाटलं. माझी जागा मला परत मिळाली.

१ जून, रवि. वटपौर्णिमा.
इथं आल्यापासून दोन वर्षं वटपौर्णिमेला फांदीच पुजली. इकडं ही पूजाच कुणी करत नाही. अं. म्हणे, "आमच्यांत तें फाल्गुनांत, नवऱ्यासाठीं दोरा गळ्यांत बांधायचा. झाडास नव्हे." यंदा म्हटलं, हक्काचा वड असताना फांदी कशाला? सकाळीच नऊवारी नेसून गेले, नथसुद्धा. हळदकुंकू, आंबे, विड्याची पानं, हिरव्या बांगड्या. सूत गुंडाळत सात फेरे. सात जन्म हेच पती मिळोत म्हटलं, आणि मनात, पण वखारीशेजारी बिऱ्हाड नको.

दगडावर हळदकुंकवाची बोटं ओढली. रोज टेकायला देतो, त्याचाही मान. अं.ला वाण दिलं. ती म्हणाली, सूत बांधलेलं झाड पाहिलं असतं तर बरं झालं असतं. थोरल्या बाईंनी सोडलं नाही तिला.

४ जून, बुध.
माहेरी माणसं! पाचसहा बायका आणि कोपऱ्यावरचा नारळवाला मुनुसामी. वडाभोवती सूत तसंच, त्यापुढं कापूर पेटलेला. माझ्या दगडावर फुलं. मला कळेना. बसायला गेले तर एक म्हातारी अंगावर ओरडली. परत आले.

अं.ला सांगितलं तर हसली. "अक्का, त्यांस वाटलें असेल अम्मन आली. इकडे असेंच होतें. झाडास सूत, दगडास हळद, झालें देऊळ."
मीही हसले. म्हटलं, शनिवारी चल माझ्याबरोबर आणि त्यांना तमिळमध्ये नीट सांग, की बायांनो, देवीबिवी काही नाही, ही माझी वटपौर्णिमा आहे. थोरल्या बाईंची परवानगी मी काढते.

७ जून, शनि.
झालं एकदाचं. अं.ने सगळं समजावलं. मी शेजारी उभी राहून बोटानं सूत दाखवलं, मग स्वतःकडं दाखवलं. ती बराच वेळ बोलली. माझं एवढंसं वाक्य तमिळमध्ये इतकं लांब होतं? बायका डोळे मोठे करून ऐकत होत्या. मग एकेकीनं मला हात जोडले, म्हातारी तर वाकलीच. ओशाळल्या असतील बिचाऱ्या. मीही हात जोडून म्हटलं, असू द्या, असू द्या.

येताना अं.चा हात थंडगार होता. म्हटलं बरं नाही का? "इल्लै अक्का. ऊन." नाही म्हणे.

२० जून, शुक्र.
गर्दी हटत नाही. उलट वाढली. वडाला पिवळं लुगडं गुंडाळलंय. मुनुसामीची नारळाची टोपली आता तिथंच. अं.ला विचारलं, तू सांगितलंस ना नीट? "सांगितलें अक्का. लोक ऐकत नाहींत." थोडे दिवस थांबा म्हणाली. थांबते.

पलीकडं ताडाखाली बसून पाहिलं. ताडाला सावली ती केवढी!

१८ जुलै, शुक्र.
यांचा आडी महिना लागला, देवीचा. आपला अधिक श्रावण. सा.बा. अनारशांच्या पिठात. दुपारपासून नदीकडून कर्णा. आवाज घरापर्यंत येतो, वखारीची करवत त्यात बुडाली, काय सांगावं! जाऊन पाहिलं. वडाभोवती बांबूचं कुंपण, फाटक, मोठ्या हंड्यातून नाचणीची आंबील वाटताहेत. आणि माझा दगड. त्याला चांदीचे डोळे लावलेत, हळदीनं माखलाय, निंबाच्या डहाळ्या. ज्यावर मी बूड टेकून बसत होते त्याच्यापुढं लोक लोटांगण घालताहेत.

दिवा लावायला आत कोण होतं? अं. होती. नवं लुगडं, केसात कनकांबर, म्हणजे आपली अबोली, ओल्या केसांनी आरती करत होती. मला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

फाटकाशी एक बाई माझ्या पाया पडली. मी तशीच परत.

२० जुलै, रवि.
ह्यांना घेऊन गेले. ऑफिसात बसून ह्यांना तमिळ चांगलं येतं. मुनुसामीला विचारायला लावलं. त्यानं हात जोडूनच सगळं सांगितलं. मास्तरांच्या बायकोला, म्हणजे अं.ला, वटपौर्णिमेच्या आदल्या रात्री दृष्टांत झाला. अम्मन म्हणाली, आपली भाषा न येणारी एक बाई येईल, माझ्या झाडाला सूत बांधील, ती माझी खूण. आणि तसंच झालं! सूत बांधणाऱ्या अम्मांना घेऊन ती स्वतः आली, सगळ्यांसमोर हे सांगितलं. अम्मांनी स्वतः बोट दाखवून कबूल केलं.

मी! मी बोट दाखवलं. मी उभी राहून हात जोडले. माझ्याच तोंडासमोर, माझ्याच नावानं, एवढं खोटं! आणि मी म्हणतेय असू द्या, असू द्या.

हे रस्ताभर हसत होते. "अगं, देवीची खूण म्हणजे प्रमोशनच की." मला रडू फुटलं तेव्हा थांबले. पण घरी येऊन आईला सांगितलंच.

२१ जुलै, सोम.
थोरल्या बाई देवळात गेलेल्या बघून खाली उतरले. अं. फिल्टरात कॉफी घालत होती.
"तू सत्य म्हणालीस. टाळी दिलीस."
ती फिल्टरवर झाकण दाबत राहिली.
"मी तुझ्या जिवावर बोलते इथं. तुझ्या तोंडानं. आणि त्याच तोंडानं तू मला विकलंस."
तेव्हा वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं. "तुज डॉक्टरानें चिठी दिल्ही, अक्का. मज कोण देणार? मी आजारी नाहीं. आमच्या घरची सून दोन ठिकाणीं जाऊं शकते. इस्पितळ, नाहीं तर कोविल, देऊळ. तुमची सोबत होती तेव्हां येत होतें. तुम्हांस बरें वाटलें आणि माझें दार बंद झालें."
"म्हणून माझा वड घेतलास?"
"दुसरा कोठें होता?"
पहिल्यांदाच ती मला तू म्हणाली, मग तुम्हांवर आली. मी निघाले. जिना चढताना उत्तरं सुचली, दहा. सगळी वाया.

२ ऑगस्ट, शनि.
सा.बा. रोज माझ्याबरोबर 'देवीला' येतात. सून देवीची खूण म्हटल्यावर काय, पाय दुखायचे थांबले. वाटेत अनारशांची गोष्ट, येताना चिंगीच्या लग्नाची. चिंगी सात वर्षांची आहे. डॉक्टरची चिठ्ठी आता कोण विचारतो? माझा तास देवीचा, आणि देवी अं.ची.

१७ ऑगस्ट, रवि.
हे म्हणाले, दुसरी जागा शोधू, आहे काय त्यात. आज गिंडीला हरणं बघायला. दोन बस. झाडी सुंदर, खरंच शांत. हरीण जवळ आलं, माझ्याकडं बघत उभं राहिलं. बसतेय न बसतेय तोच ह्यांनी घड्याळ दाखवलं, शेवटची रिकामी बस. रोज कोण नेणार मला तिथं? दूरची शांतता म्हणजे शेजारणीच्या अंगावरचे दागिने. पाहून यायचं.

९ सप्टेंबर, मंगळ.
पहाटे गच्चीवर बसून पाहिलं. वरच्या मजल्यावरचे काका सूर्यनमस्कार घालतात, नव्हे आपटतात. मैलापूरच्या तळ्याच्या पायऱ्याही पाहिल्या. तिथं एकट्या बाईला बघून दोन माणसं विनाकारण खाली-वर करत राहिली. उठले.
धडधड परत सुरू. ह्यांना सांगितलं नाही.

५ ऑक्टोबर, रवि.
एक केलंय. भाजीवालीकडून तमिळ शिकतेय. रोज चार वाक्यं. ती हसते, मी म्हणत राहते. यापुढं माझं बोलणं मी बोलणार. पहिलं वाक्य पाठ केलं ते हेच, की हे खोटं आहे, ते सूत माझं होतं. भाजीवालीला कळेना, भेंडी घेताना या बाईला हे कशाला हवं.

१८ ऑक्टोबर, शनि.
नवरात्र. अं.कडून कोलूच्या, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या, बाहुल्या बघायला बोलावणं. मी गेले नाही. सा.बा. गेल्या, ओटी भरून घेऊन आल्या. सांगत होत्या, थोरल्या बाई चारचौघींत म्हणतात, आमच्या सुनेस दृष्टांत होतात. हीच बाई वर्षापूर्वी तिला वांझ म्हणून टाकून बोलायची, मी जिन्यावरून ऐकलंय.

आणखी म्हणाल्या, सगळ्यात खालच्या पायरीवर अं.ने मातीचा छोटा वड केलाय, सूत गुंडाळून. खाली एक बाहुली एकटीच बसवलीय, चिंधीची नऊवारी नेसवून. "कोण गं ती? मला तर तूच वाटलीस."

बाहुली बसवली म्हणजे फिटलं का? रागानं पोळी जाळली. मग उगीचच रडले.

२४ नोव्हेंबर, सोम.
पावसानं नदी फुगली. पाणी वडापर्यंत आलं म्हणे. मनात आलं, जाऊ दे वाहून, दगड, डोळे, कर्णा, सगळं. लगेच स्वतःचीच लाज वाटली. वडानं काय केलंय माझं?
वाहून काही गेलं नाही. मुनुसामीनं पत्रे घातले.

१५ जानेवारी १९५९, गुरु.
काल संक्रांत. सगळ्या बिऱ्हाडांत तिळगूळ वाटला. खाली दारात अं. होती. आपल्यात तिळगूळ नाकारायचा नसतो, द्यायचा तर सगळ्यांना. हातावर ठेवला. 'गोड बोला' म्हणायचं असतं. मी म्हटलं, "घे." पुढचं तोंडातून निघेना. तिनं मूठ मिटली, तिथंच उभी राहिली. तिलाही काही बोलता आलं नाही. दुसऱ्यांसाठी तोंडाचा पट्टा चालतो तिचा!

आपल्याच माणसानं केलं ना, म्हणून. मुनुसामीनं केलं असतं तर चार शिव्या देऊन विसरले असते. परमुलखात जिच्या तोंडून आपली भाषा ऐकली, तिनंच.

१४ मार्च, शनि.
अं.चा तो फाल्गुनातला दोरा आज. वर ताट पाठवलं, गुळाची अडै, लोण्याचा गोळा. सा.बा.नी खाल्ली. मी एक तुकडा. चांगली झाली होती, हे कबूल करायला हवं.

२७ मे, बुध.
पुन्हा डॉक्टर. "तुम्ही मोकळ्या हवेत बसता ना?" मी ह्यांच्याकडं बघितलं, हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. डॉक्टर चिडल्या. औषधं लिहिली. म्हणाल्या, हे औषध म्हणजे नुसती काठी आहे, चालायचं तुम्हालाच. पुन्हा तीच चिठ्ठी. फडताळात आता दोन झाल्या.

१९ जून, शुक्र.
उद्या वटपौर्णिमा. सा.बा. म्हणतात, देवीच्याच वडाला जाऊ, देवीची खूण तू. मी म्हटलं फांदी आणा. मग दुपारभर सूत काढून बसले. जाणार. आणि सगळ्यांसमोर सांगणार. वाक्य पाठ आहे. भाजीवालीनं उच्चारसुद्धा सुधारून दिलेत.

२० जून, शनि.
जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळीच गेलो, मी आणि सा.बा. फाटकाबाहेर रांग, सगळ्यांच्या हातात सूत! वर्षापूर्वी ज्यांना हे माहीतच नव्हतं त्या बायका सूत घेऊन उभ्या. मुनुसामीनं मला ओळखलं, पण आज गर्दी. म्हणाला, रांगेत या अम्मा, आत एकीला एकच फेरा. मला! माझ्या वडाला एक फेरा!

मी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात अं. दिव्यापासून उठली. कितीतरी महिन्यांनी आमची नजरानजर झाली. बारीक झालीय. ती फाटकात आली आणि मोठ्यानं बोलली, आणि या वेळी मला शब्दन् शब्द कळला. म्हणाली, "अम्मनला आज या अम्मांशी एकटीनं बोलायचंय. सगळ्यांनी बाहेर जा. कर्णा बंद करा."

कुणी का म्हणून विचारलं नाही. आतल्या बायका निमूट बाहेर आल्या. कर्णा बंद झाला. सा.बा. माझ्याबरोबर आत शिरत होत्या, त्यांनाही हाताला धरून थांबवलं. सा.बा.ना! आणि त्या थांबल्या.

ते खोटं होतं, मला माहीत होतं, तिला माहीत होतं. मला फक्त बोलायचं होतं. मी आत गेले.

सात फेरे घातले. दगडावर बसता येत नाही, म्हणून मुळावर टेकले. वारा आला. बगळे होते. जाळंवाला तोच की दुसरा कोण जाणे, त्यानंही वळून पाहिलं नाही. छाती हळूहळू शांत झाली. मागं वळले तर अं. फाटकात पाठ करून उभी, दोन्ही हात आडवे, कुणाला आत सोडत नव्हती. तिला हाक मारली असती तर आली असती. मुळावर दोघींपुरती जागा आहे. मारली नाही. माफ केलेलं नाही मी तिला. पण उठवेनाही.

बाहेर आले तेव्हा सगळ्या उठून उभ्या. म्हातारी पुढं झाली. काय म्हणाली अम्मन? साध्या तमिळमध्ये विचारलं, मला कळलं हे तिलाही कळलं. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मुनुसामी, सा.बा. आणि अं.ही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आज मध्ये बोलायला ती नव्हती. मी खरं बोलले असते तर थोरल्या बाईंच्या दारातून ती पुन्हा कधी बाहेर पडली नसती. खोटं बोलले असते तर तो वड कायमचा गेला, आणि गेला तो माझ्या तोंडानं.

"नाळैक्कु सोल्रेन," म्हटलं. उद्या सांगते.

आता दिवे लागलेत. सा.बा. तिसऱ्यांदा विचारताहेत, देवी काय म्हणाली. खालून अं.च्या घरातून काही आवाज नाही. उद्या रविवार, गर्दी आजच्यापेक्षा जास्त असणार.